आई आलं

आमच्या घरात आई कधी 'आली' नाही. ती 'आलं'. बाजारातून आलं, बिडी कारखान्यातून आलं, नळावरून दोन घागरी घेऊन आलं. शाळेत जाईपर्यंत यात काही चूक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तेलुगूत बाप आला की 'नायना वच्चिंडु' म्हणायचं आणि आई आली की 'अव्वा वच्चिंदी'. म्हैस आली तरी 'वच्चिंदी', पाऊस आला तरी 'वच्चिंदी', एसटी आली तरी 'वच्चिंदी'. बाप्यांसाठी एक रूप आणि बाकी साऱ्या जगासाठी दुसरं. आम्ही पोरांनी तेच उचललं आणि जसंच्या तसं मराठीत आणून ठेवलं. आई आलं, म्हैस आलं, पाऊस आलं, एसटी आलं. नगरच्या तोफखाना भागातल्या आमच्या गल्लीत सगळीच पोरं असं बोलायची, त्यामुळं कुणी कुणाला हसायचा प्रश्नच नव्हता.

आमचे लोक तेलंगणातून नगरला कधी आले, का आले, कोणत्या वाटेनं आले, हे मी इथं सांगत बसणार नाही. समाजाच्या सभेत ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि दर वेळी त्यांचा रस्ता थोडा लांब होतो. मला आठवतं ते घर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि खड्ड्यावर माग. नायना त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, त्यामुळं लहानपणी मला बापाची उंची कधी नीट कळलीच नाही. तो लुगडी विणायचा. धोटा इकडून तिकडं पळायचा आणि मागाची खटक-खटक सकाळी सुरू झाली की जेवणापर्यंत थांबायची नाही. आम्ही त्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजात भांडलो, त्या आवाजात तापानं फणफणून पडलो. अजूनही फार शांत घरात मला झोप लागत नाही, हे माझ्या सुनेला विचित्र वाटतं.

दारात उंबऱ्यापाशी अव्वा. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, बोटांनी बिडी वळायची, दोरा बांधायचा, तोंड दाबायचं, टाकायची. हातांकडं ती बघायचीच नाही. बघायची गल्लीकडं, आणि तोंड अखंड चालू. समोरच्या दारात पोशव्वा तसंच सूप घेऊन बसलेली, पलीकडं आणखी दोघी-तिघी. गल्ली अरुंद, त्यामुळं हळू बोलून भागलं असतं, पण हळू बोलायची आमच्यात पद्धत नाही. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या घरी पुंटीकूर शिजतेय, मार्कंडेयाच्या देवळात काल कोण कुणाशी बोललं नाही, सगळं तेलुगूत, सगळं मोठ्यानं. पुंटीकूर म्हणजे अंबाडीची भाजी. आंबट, लसणाची फोडणी, गरम भातावर. आमच्या घरातल्या भातालासुद्धा तंबाखूचा किंचित वास असायचा. दुसऱ्याच्या घरचा भात मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्यात काहीतरी घालायचं राहिलंय असं मला वाटलं होतं.

आम्ही शाळेतून आलो की अव्वा सूप खाली ठेवायची नाही, मानही फिरवायची नाही. नुसतं विचारायची, "तिन्नवा, बिड्डा?" म्हणजे जेवलास का रे पोरा, जेवलीस का गं पोरी. शाळेतून आलेलं मूल कुठून जेवून येणार, हे तिला कळत होतं. पण आमच्यात कसं काय विचारायचं असलं तर जेवलास का असंच विचारतात. उत्तराची वाट न बघता ती चुलीजवळच्या झाकलेल्या भांड्याकडं हनुवटीनं खूण करायची. दिवसातून किती वेळा हा प्रश्न कानावर पडायचा याचा हिशेब नाही. तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

शाळा मराठी. आमच्या वर्गाच्या बाई मूळच्या कोपरगावच्या, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या, आणि मराठी अगदी धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ. शिकवायच्या चांगलं, हे मी नाकारणार नाही. एकदा त्यांनी मला उशीर का झाला म्हणून विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, आई नळावरनं उशिरा आलं." सगळा वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "सरोज, आई काय वासरू आहे का? वासरू आलं. आई आली. म्हण बघू." माझं घरचं नाव सरोजा, तेवढा शेवटचा काना त्यांनी पटावर नाव लिहितानाच काढून टाकला होता. मी म्हटलं, आई आली. पुन्हा म्हटलं. वर्गानं माझ्याकडून ते बरेचदा म्हणवून घेतलं. मधल्या सुट्टीत पोरं मागं लागली, "आई आलं, वासरू आलं, अंडूगुंडू आलं." अंडूगुंडू म्हणजे आम्ही तेलुगू बोलणारे. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आजही गेलेला नाही, म्हणून तर लिहितेय.

हे प्रकरण छापायला दिलं तेव्हा प्रकाशकाकडच्या मुद्रितं तपासणाऱ्या मुलानं पहिल्या परिच्छेदातली सगळी 'आलं' काढून तिथं 'आली'-'आला' घातली होती. अगदी म्हशीपर्यंत. मी ती सगळी पुन्हा फिरवली. त्यानं फोन केला, "मॅडम, वाचकाला चूक वाटेल." मी म्हटलं, वाटू दे, वाचक दोन पानं पुढं गेला की त्याची समजूत पटेल आणि नाही पटली तर त्यानं दुसरं पुस्तक घ्यावं. मुलगा चांगला होता, हसला.

तर शाळा. मी त्या हसण्याचा एक फायदा करून घेतला. मराठी अशी घोटली की वर्षाअखेरी मराठीत वर्गात पहिली आले. बक्षीस म्हणून बाईंनी मला पेन दिलं. पण माझा धाकटा भाऊ शंकर त्याच बाईंकडं दुसरीत अडकला. त्याला वाचता येईना, आणि आलं ते वाचून अर्थ कळेना. बाईंनी नायनाला शाळेत बोलावलं. नायना इस्त्रीचा सदरा घालून गेला. बाईंनी त्याला सरळ सांगितलं, "घरात तेलुगू बंद करा. दोन भाषांमध्ये पोराचा गोंधळ होतोय. मुलीचं निभावलं, मुलाचं निभावणार नाही." नायना शिकलेला नव्हता. शाळेतल्या माणसानं सांगितलेलं त्याला डॉक्टरनं सांगितल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी त्यानं माग थांबवला आणि अव्वासकट आम्हा तिघांना समोर बसवलं. आजपासून या घरात फक्त मराठी बोलायची, असा हुकूम काढला. हा हुकूम त्यानं तेलुगूत काढला, कारण मराठीत काढला असता तर अव्वाला कळला नसता. मला तिथंच हसू फुटलं आणि त्याबद्दल एक चापट मिळाली. अव्वा म्हणाली, "नाकु मराठी रादु." मला मराठी येत नाही, मग मी काय करू? येत नव्हती हे खरंच होतं. नायना म्हणाला, येते तेवढी बोल, बोलता बोलता येईल. अव्वा म्हणाली, बरं.

मग आमचं घर मुकं झालं. माग चालायचा तेवढाच. आम्ही शाळेतून आलो की अव्वा नुसती भांड्याकडं खूण करायची. पोशव्वा समोरून काही बोलली की अव्वा मान हलवायची आणि घराकडं बोट दाखवायची, की इथं मनाई आहे. गल्लीतल्या बायांना आधी मजा वाटली, नंतर त्यांनी आपली सुपं थोडी पलीकडं सरकवली. कोपऱ्यावरच्या वाण्यानं मला हटकलं, "काय गं सरोजे, तुज्या आयचा आवाज लई दिस ऐकला न्हाई. आजारी हाय का?" मी म्हटलं, "न्हाई, मराठी शिकतंय." वाणी म्हणाला, "मंग बोलाया पायजे की. गप बसून कुठं मराठी येती व्हय?" त्याला सहज कळलं ते माझ्या बापाला आणि बाईंना कळत नव्हतं. मी त्याच दिवसापासून घरात मुद्दाम तेलुगू बोलू लागले. मोठ्यानं. नायना ओरडायचा, मी बोलायचे. तो धोटा हातात घेऊन उठायचा, मी दाराबाहेर पळून तिथून बोलायचे. अव्वा मात्र उत्तर द्यायची नाही. तिनं बरं म्हटलं होतं ना.

आणि मग एके दिवशी ती मराठी बोलू लागली. आता तिला मराठी आली कुठून, हे सांगायला हवं. आठवड्यातून काही वेळा ती वळलेल्या बिड्या घेऊन कारखान्यात जायची. तिथं माल तपासणारा एक मराठी माणूस होता, सगळ्या बाया त्याला चेकर म्हणायच्या. खराब म्हणून तो ज्या बिड्या बाजूला फेकायचा त्यांना 'छाट' म्हणायचं, आणि छाटीचा मोबदला नाही. अव्वाच्या आयुष्यात तिच्याशी मराठीत बोललेला माणूस काय तो हा एकटा. तेव्हा तिची मराठी म्हणजे त्याची मराठी, टीपकागदानं उचलावी तशी. दुपारी नायना मागावरून उठला आणि जेवायला बसला. अव्वा त्याच्यासमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फुडं सरक. गर्दी नगं करू."

नायना सरकला. खरंच सरकला. त्यानं ताट ओढलं, तर म्हणाली, "आज बंद हाय. उद्या ये." मी आणि शंकर एकमेकांकडं बघू लागलो. नायनाला वाटलं तिचं चुकतंय, शिकतेय बिचारी. त्यानं समजावलं, असं नाही, 'जेवायला बसा' म्हणायचं. अव्वा म्हणाली, "न्हाई म्हनलं ना." आणि वाढलं, अगदी व्यवस्थित वाढलं. संध्याकाळी त्यानं नवं विणलेलं लुगडं तिला दाखवलं, काठ पाहा म्हणाला. तिनं काठावरून बोट फिरवलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "माल हलका. छाट." त्या दिवसापासून तिच्या मराठीला जोर चढला. शंकर रडत आला तर "रडू नगं, फुडच्याला येऊ दे." मी केस विंचरून मागितले तर माझी वेणी हातात तोलून "पान वलं हाय." ती हसायची नाही, चेहरा अगदी चेकरसारखा. आम्ही पोटं धरून हसायचो. पण रात्रीचं जेवण झालं, हसणं संपलं, की लक्षात यायचं की दिवसभरात आपल्याशी आईचं म्हणावं असं कुणी काही बोललेलं नाही.

शंकरचं वेगळंच चाललं होतं. तो लहान, त्यानं हुकूम मनावर घेतला. अव्वाला 'आई' म्हणू लागला. एकदा गल्लीत पोरांसमोर त्यानं तिला दुरुस्त केलं, "उद्या ये न्हाई आई, उद्या या म्हणायचं." पोरं हसली. अव्वानं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा सुपात डोकं घातलं. त्याला आता तेलुगू पटकन कळेनाशीही झाली होती. पोशव्वा त्याला काही म्हणाली की तो माझ्याकडं बघायचा. मला भीती वाटली ती तेव्हा. भाषा जाते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा दिसलं. आई दारात बसलेली असते, मूल तिच्या पुढ्यातून जातं, आणि दोघांना एकमेकांना काय म्हणायचं ते माहीत नसतं.

माझी नात पुण्याला शिकते. तिला शाळेत स्पॅनिश आहे. पाहुणे आले की तिला ते बोलून दाखवायला लावतात आणि सगळे कौतुकानं टाळ्या वाजवतात. मध्यंतरी तिनं मला सांगितलं, आजी, स्पॅनिशमध्ये टेबल बाई असतं आणि खुर्चीसुद्धा बाईच. मी विचारलं, मग त्यांना कुणी हसतं का? ती म्हणाली, का हसतील, त्यांची भाषाच तशी आहे. आणि ज्यांचे आईबाप तिकडून दुसऱ्या देशात गेलेत ती माणसं म्हणे पोरांशी घरात हट्टानं स्पॅनिशच बोलतात, त्यासाठी मंडळं काढतात, टीचर म्हणाल्या किती छान ना. मी म्हटलं, छानच आहे. मग मी तिला तिच्या पणजीची तेलुगू शिकवायला बसले, तर माझा मुलगा म्हणाला, आई, तिचा अभ्यास फार आहे. मी त्याच्याशी त्या दिवशी तेलुगूत बोलले. त्याला सगळं कळलं. ती तेलुगूही पुस्तकातली नाही. करीमनगरकडचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात, कारण आम्ही तेलुगूत 'पण' म्हणतो, 'लगेच' म्हणतो, 'उगाच' तर उठता बसता म्हणतो. हसा म्हणावं. नगरची तेलुगू नगरसारखीच असणार.

तर संक्रांत आली. शंकर चाचणीत काठावर का होईना पास झाला होता, आणि नायनानं हा सगळा मराठीचा प्रताप समजून बाईंना घरी फराळाला बोलावलं. घर सारवलं, मागावर धुतलेली चादर टाकली, शेजारून खुर्ची आणली. अव्वानं सकिनालू केले. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा. पिठाची दोरी दोन बोटांनी वळत वळत कापडावर एकात एक अशी कडी काढायची आणि मग तळायची. हात बिडीला सरावलेला, त्यामुळं तिचे सकिनालू गल्लीत सगळ्यात बारीक आणि कुरकुरीत. नायनानं तिला बजावलं होतं, चार शब्द बोल, पण नीट बोल.

बाई आल्या. नायना हात जोडून उभा राहिला. शंकरनं पाढे म्हणून दाखवले. अव्वानं ताटली पुढं केली. बाईंनी एक सकिनालू मोडून तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "अगं बाई, काय सुरेख चकल्या झाल्यात!"

"चकली न्हाई," अव्वा म्हणाली.

"असं? मग काय म्हणतात याला?"

अव्वानं नायनाकडं पाहिलं. सकिनालू हा शब्द तेलुगू. त्याला मराठी नाही. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "नाव न्हाई. नाव बंद हाय."

बाई हसल्या, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. नायनाचा चेहरा उतरला. "सरोज, काय म्हणतेय तुझी आई?" त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत अव्वा माझ्याकडं वळली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तेलुगू बोलू लागली. हळू, एकेक वाक्य, मला सांगता यावं म्हणून मध्ये थांबत. पहिलं वाक्य संपलं तसा नायना घाईघाईनं म्हणाला, "आई म्हनतीय, चहा घ्या. सांग बाईंना, चहा घ्या म्हनतीय." त्याच्या आवाजात इतकी विनवणी होती की एखादीनं ऐकलं असतं. मी नाही ऐकलं. मला तेव्हा पक्कं माहीत होतं की मी आत्ता चहा सांगितला तर या घरात पुढं जन्मभर चहाच सांगत राहावा लागेल.

मी म्हटलं, "बाई, आई म्हणतंय, माझी मराठी कारखान्यातल्या चेकरची आहे."

"आई म्हणतेय," बाईंनी सवयीनं सुधारलं.

"आई म्हणतंय," मी पुढं चालू ठेवलं, "त्या मराठीत 'सरक' आहे, 'छाट' आहे, 'बंद आहे' आहे, 'उद्या ये' आहे. माणसाला हाकलायला जेवढं लागतं तेवढं सगळं आहे. पोराला जवळ बोलवायला त्यात काही नाही. इथं मला कुणी जवळ बोलावलंच नाही, मग तो शब्द मी कुठून शिकू? आई म्हणतंय, माझ्याकडची माया सगळी तेलुगूत आहे. ती तुम्ही बंद केलीत. आता ह्या पोरांना मी काय देऊ? छाट?"

मागावरची चादर सरळ करत नायना तिकडं तोंड करून उभा होता. बाईंच्या हातात अर्धा सकिनालू तसाच राहिला होता. त्यांना ते लागलं, हे दिसत होतं. पण पटलं, असं मी म्हणणार नाही, कारण त्या सावरून म्हणाल्या, "मी मुलांच्या भल्यासाठीच म्हणाले हो. मराठी यायलाच हवी. सरोज, तू एवढी हुशार, तूसुद्धा अजून 'म्हणतंय' म्हणतेस?"

मी म्हटलं, "बाई, मला येतं. आई आली, आई म्हणाली, आई म्हणते, आईनं म्हटलं. परीक्षेत एक चूक करणार नाही, तुम्ही बघा. पण माझी आई म्हणतंय."

 बाई ताटली खाली ठेवून उठल्या. जाताना अव्वासमोर थांबल्या. अव्वानंच कागदात थोडे सकिनालू बांधून त्यांच्या हातात दिले. बाईंनी ते घेतले आणि गेल्या. परीक्षेत मी एकही चूक केली नाही. पुढं मराठीच घेऊन शिकले आणि याच जिल्ह्यातल्या शाळांतून मराठीच शिकवली, पण माझ्या वर्गात घरची भाषा बोलली म्हणून कुणाला उभं राहावं लागलं नाही. गोरमाटी बोलणारी आली, वडारी बोलणारी आली, ऊसतोडीला जाऊन आलेली, चार गावांचं मिसळून बोलणारी आली. सगळी मराठी शिकली. एकाचंही काही बिघडलं नाही.

बाई गल्लीच्या टोकाशी पोचल्या असतील नसतील, नायना माझ्यावर तुटून पडला. माझं नाक कापलंस, चार माणसांत उभं राहायची सोय ठेवली नाहीस. तेलुगूत. रागात माणूस कुठल्या भाषेत आहे ते त्याच्या ध्यानात राहत नाही. तो म्हणाला, "शेठच्या पेढीवर लुगडी टाकायला जातो तर दारातूनच अंडूगुंडू आला म्हणतात. एवढं वय झालं तरी अंडूगुंडू. पोरांना तरी कुणी म्हणू नये म्हणून सगळं केलं." हे त्यानं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.   अव्वा मध्ये येऊन उभी राहिली. "त्यांनी तुला म्हटलं तर त्यांना बोलायचं होतंस," ती म्हणाली, "माझं तोंड का शिवलंस?"

आणि मग सुरू झालं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं, तेलुगूत, पूर्ण आवाजात. लग्नापासूनचं काढलं. त्याच्या आईचं काढलं, तिच्या भावाचं निघालं, पाण्याच्या नळाचं, फुटलेल्या रांजणाचं, सासरी पहिल्या सणाला मिळालेल्या लुगड्याच्या विटक्या रंगाचं. नायना एक बोलायचा, अव्वा चार बोलायची. समोरून पोशव्वा सूप टाकून धावत आली, दारात उभी राहून आधी नुसती ऐकत राहिली, मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं आणि भांडण काय आहे हे न विचारता ती त्यात शिरली. मी भिंतीला टेकून बसले होते. इतकं सुंदर भांडण मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

तेवढ्यात अव्वानं नायनाला एक शिवी हासडली. जुनी, तिच्या माहेरच्या गावची. ती मी इथं लिहिणार नाही, ज्याला हवी त्यानं तेलुगू शिकावी. शंकर इतका वेळ कोपऱ्यात सकिनालू खात बसला होता. तो उठला, त्या गोंधळात अव्वाचा पदर ओढला आणि विचारलं, "अव्वा, अंटे एंदी?" म्हणजे काय गं?

अव्वा थांबली. खाली बसली, त्याला मांडीपाशी ओढलं आणि त्या शिवीचा अर्थ त्याला नीट फोड करून सांगितला, कुणाला द्यायची, कुणाला द्यायची नाही तेही सांगितलं. त्याच्याकडून ती एकदा म्हणवून घेतली, उच्चार बरोबर आल्याची खात्री केली. नायना तोवर कमरेवर हात ठेवून थांबून राहिला. मग ती उठली, त्याच्याकडं वळली आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं.